न ओळखलेले सहा वास

प्रश्न : काकू, सा. न. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला परफ्यूमर, म्हणजे सुगंध रचणारी, व्हायचंय. पण परवा मैत्रिणींनी डोळ्यांवर ओढणी बांधून दहा बाटल्या हुंगायला दिल्या, तर चारच ओळखता आल्या. शिवाय पावसाळाभर सर्दी. बाबा म्हणतात, या कामाला नाक जन्मजातच लागतं. खरं आहे का? आणि एखाद्या मोठ्या परफ्यूमरचं आयुष्य कसं असतं, तेही सांगाल का?

उत्तर : पहिल्याच खेपेला दहातले चार म्हणजे चांगलेच की! मला तीन आले होते, आणि त्या कामात मी एकतीस वर्षं काढली.

इथे बडोद्यात एम.एस्सी. करून मी साबण-उदबत्तीचे सुगंध बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. पहिले आठ महिने मला तराजूला हात लावू दिला नाही. बाटल्या धुवायच्या, लेबलं चिकटवायची. "मुलींना शिकवून काय उपयोग, लग्न झालं की जाणार," असं साहेब माझ्यासमोर बोलत. ते अजून लागतं मला. पण तिथेच एक वयस्कर सहकारी होते. एकदा त्यांनी कागदाची पट्टी पुढे केली. हुंगली तर कपाटातल्या डांबरगोळ्या, आणि त्यामागून मोरीसारखी घाण. म्हणाले, "हे इंडोल नावाचं रसायन. आता संध्याकाळी खंडेराव मार्केटात जा आणि मोगरा हुंग."

गेले. फुलवालीने ओल्या फडक्याखालून गजरा काढून दिला. आधी नेहमीचाच गोडवा. मग डोळे मिटून शोधत राहिले, आणि त्या गोडव्याच्या तळाशी तीच डांबरगोळी सापडली! अगदी थोडी, पण तिच्यामुळेच मोगरा जिवंत वाटत होता. लहानपणापासून गजरे माळत आले होते, तो वास रोज नाकात जात होता. त्याला नाव नव्हतं, म्हणून कळत नव्हता. तुझ्या त्या सहा बाटल्यांचंही असंच झालं असणार. वास आले, नावं आली नाहीत. नावं शिकता येतात गं.

आयुष्य विचारलंस, तर मी फ्रेंच परफ्यूमर एदमों रुदनित्स्का यांचं सांगेन. जन्म १९०५, फ्रान्समधल्या नीसचा. कामाची सुरुवात ग्रासमध्ये, म्हणजे अत्तराच्या गावातच. १९४३ साली, महायुद्धाच्या ऐन वाईट दिवसांत, त्यांनी पॅरिसमध्ये 'फाम' हे अत्तर रचलं. काम करायचे त्या इमारतीच्या एका बाजूला उकिरडा, दुसऱ्या बाजूला रंगाचा कारखाना. अशा ठिकाणी माणूस नाकावर विसंबून काय करणार? सुगंध त्यांच्या डोक्यात तयार होत होता.

पुढे ते ग्रासजवळच्या काब्री गावी राहायला गेले. तिथल्या बागेत त्यांनी लिली ऑफ द व्हॅली लावली. घंटेसारखी इवलीशी पांढरी फुलं, वास मोठा गोड, पण अर्क निघत नाही. ऊर्ध्वपातन करा, द्रावकात भिजवा, तो वास हाती लागतच नाही. मग रुदनित्स्कांनी फुलं हुंगून हुंगून तो वास मनात साठवला आणि हायड्रॉक्सिसिट्रोनेलालसारख्या दुसऱ्याच द्रव्यांतून तो उभा केला. ते १९५६ चं 'डिओरिसिमो'. दहा वर्षांनी 'ओ सोव्हाज' या अत्तरात त्यांनी हेडिओन नावाचं सुगंधी द्रव्य वापरलं. त्याचं शास्त्रीय नाव मिथाइल डायहायड्रोजास्मोनेट. रचना काढून बघ, तुझ्याच विषयातलं आहे.

मला सगळ्यांत भिडतं ते त्यांनी पत्नीसाठी, तेरेझसाठी, बनवलेलं अत्तर. कितीतरी वर्षं ते फक्त त्या एकट्या लावत होत्या. रुदनित्स्का १९९६ मध्ये गेले आणि २००० साली ते पहिल्यांदा बाजारात आलं, तेरेझच्याच नावाने. विकण्याचा विचार न करता माणसाने इतकं नेटाने काम करावं, याचं मला फार मोल वाटतं.

बाबांना ज्यां कार्ल्स यांच्याबद्दल सांग. ग्रासमध्ये १९४६ साली त्यांनी परफ्यूमर घडवणारी शाळा काढली. पुढे त्यांना वास येणंच बंद झालं, तरी ते आठवणीतून सूत्रं लिहीत राहिले. तुझी तर सर्दी आहे, आठ दिवसांत जाणारी. त्या दिवसांत हुंगू नकोस, जुनी टिपणं वाच.

शिक्षणाचं म्हणशील, तर कन्नौजला सरकारचं सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, तिथे अभ्यासक्रम चालतात, चौकशी कर. बडोद्यापेक्षा तुला ते जवळ. गेलीस की देग-भपका, म्हणजे अत्तर काढायची जुनी भांडी, नक्की पाहा. तांब्याच्या देगेत भाजकी माती आणि पाणी तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनतेलात उतरते, आणि पहिल्या पावसाचा वास बाटलीत येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही.

तोवर घरीच सुरू कर. वाळा, केवडा, कापूर, ओवा आणि पाच (पचौली) एवढं बाजारातून आण. ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या पट्ट्या काप. वाळा आणि ओवा आधी थोड्या स्पिरिटमध्ये भिजव. एक पट्टी आत्ता हुंग, तासाने हुंग, उद्या सकाळी हुंग, आणि प्रत्येक वेळी काय आठवलं ते लिही. 'छान', 'घाण' हे शब्द वर्ज्य. 'आजीच्या ट्रंकेतली घडी' चालेल. ओव्याचा जोर लवकर ओसरेल, वाळा बराच टिकेल. दुसऱ्या दिवशीच्या वाळ्याबद्दल काय लिहिलंस, ते मला कळव.