मी लातूरकर. माझ्या गेममधली मंगळावरची वसाहत स्वयंपूर्ण का झाली, याची पार्श्वकथा कशी रचू?
लातूरचे आहात ना, मग पाण्यापासून सुरुवात करा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. मंगळाकडे अशी गाडी रोज सुटत नाही. यान पाठवायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. तुमच्या कथेत पैशांच्या वादात अशा दोन वेळा हुकल्या, बस्स. (महायुद्ध नको, फार वापरून झालंय ते.)

मग लोक जमिनीखालचा बर्फ खणतात, घाम-लघवीही शुद्ध करून पितात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलंय, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. खरं भांडण उरलेल्या दोन टक्क्यांचं. ते भरून काढणारी बर्फाची खाण कुणाच्या ताब्यात? तिथूनच गेममधले गट पाडा.