गटनकाशा गूगल अर्थवर टाकला की बांध सरकलेला का दिसतो?

कारण गटनकाशाला, म्हणजे गावातल्या जमिनींच्या गटांच्या हद्दी दाखवणाऱ्या नकाशाला, अक्षांश-रेखांश नसतातच. जुनी मोजणी शंकू-साखळीने झाली: काटकोन धरायला शंकू, लांबीला 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे म्हणजे 16 भाग. त्यामुळे नकाशा ताणून मनाने बसवू नका. गावाच्या चारी अंगांना पसरलेल्या पक्क्या खुणा निवडा, म्हणजे शिवेचे दगड, जुन्या विहिरी. त्यांचे अक्षांश-रेखांश रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून अचूक जागा सांगणाऱ्या मोजणी यंत्राने घ्या. मोबाईलची चूक सहज तीन-चार मीटर असते, बांधाच्या वादात ती फारच झाली. यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) वापरत असाल तर पुणे 43व्या पट्ट्यात येतं, नागपूर 44व्या. इथे गफलत झाली की नकाशा थेट दुसऱ्याच मुलखात जातो. मात्र शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद असेल तर स्क्रीनवरची रेघ दाखवू नका, भूमी अभिलेखची मोजणी मागवा.