एकाच वर्गात अरबी, जपानी आणि स्पॅनिश भाषक असतील तर इंग्रजी कसं शिकवावं?

सगळ्यांना एकच धडा द्या, पण चुका मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या धरा. बऱ्याच चुका मातृभाषेतून येतात. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पार्क'चं 'बार्क' होतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला सांगा: 'प'ला ती हलते, 'ब'ला जवळजवळ नाही. हा उपाय व्याख्यानापेक्षा लवकर लागू पडतो. जपानी माणसाला 'राइट' आणि 'लाइट' सारखेच ऐकू येतात, तेव्हा आधी कान तयार करा, उच्चार नंतर. स्पॅनिश भाषक 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणतो (आपल्याकडचं 'इस्कूल' आठवा, हसू नका!).

'अ' (a) आणि 'द' (the) या उपपदांचं दुखणं वेगळं. जपानीत अशी उपपदं नाहीतच, मराठीतही नाहीत. अरबीत 'द'सारखं 'अल' आहे, पण 'अ'साठी स्वतंत्र शब्द नाही. स्पॅनिशमध्ये दोन्ही आहेत, तरी वापर जुळत नाही. त्यामुळे नियम पाठ करून घेण्यापेक्षा छोट्या गोष्टी सांगायला लावा: आधी 'अ डॉग' येतो, पुढच्या वाक्यात तोच 'द डॉग' होतो.

जोड्या लावताना एकाच भाषेचे दोघं शेजारी नकोत. मग इंग्रजीशिवाय इलाजच उरत नाही. अगदी नवख्याला मात्र सुरुवातीला भाषाबंधू द्याच, नाहीतर तो तोंडच उघडणार नाही.