कॉमर्सवालीला वन्यजीव संवर्धनात कोण घेणार?

"मॅडम, बी.कॉम. करून अकाउंट्समध्ये नोकरी करतेय. वन्यजीव संवर्धनात यायचंय. नोकरी सोडून प्राणिशास्त्राची पदवी घेऊ का?" सायलीचा (नाव बदललंय) हा प्रश्न मला नवा नव्हता. कधी कॉमर्सच्या जागी आयटी असतं, एवढंच.

संशोधक किंवा पशुवैद्य व्हायचं असेल तर पदवीला पर्याय नाही. पण सायलीला नेमकं काय व्हायचंय हेच ठरलेलं नव्हतं. मी विचारलं, "प्राणी दिसलाच नाही, तरी यातलं कोणतं काम आवडीनं करशील?" ती गप्प झाली.

कॅमेरा ट्रॅपचंच घ्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा जंगलातला कॅमेरा. कोणता वाघ ते पट्ट्यांवरून ओळखतात आणि त्याच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. मग हाती येतात हजारो फोटो, त्यातले कित्येक नुसत्या वाऱ्यानं हललेल्या गवताचे. ते कुणीतरी बसून चाळायचे असतात. शिवाय नकाशे, कायदा, गावकऱ्यांशी बोलणी, अनुदानाचे हिशेब. संस्थांना ही माणसंही लागतात आणि ती सहज मिळत नाहीत.

मी म्हटलं, नोकरी सोडू नकोस. आधी सुट्टीच्या दिवशी एखाद्या प्रकल्पाचे फोटो चाळून बघ. (पैसे भरून बछड्यांना मांडीवर घ्यायला देणारे 'स्वयंसेवक' कार्यक्रम मी यादीतून आधी खोडते. त्यात संवर्धन कुठे आलं?)

काही आठवड्यांनी तिला एका कॅमेऱ्याचे फोटो खटकले. वेळ छापलेली दुपारी दोनची, फोटो मात्र मिट्ट काळोखातले, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात काढलेले. घड्याळ लावताना एएम-पीएमची गल्लत झाली होती. प्राणी कधी फिरतात याचा अख्खा तक्ता त्यानं उलटा झाला असता. ताळा जुळल्याशिवाय पुढे न जाण्याची अकाउंट्समधली सवय तिथे कामी आली. प्रकल्पातल्या संशोधकानंच मग तिला क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकायला सांगितलं. ते फुकट मिळतं. नकाशे जमायला लागले.

आता तिच्या हाती वर्षभराचा करार आहे, सही तेवढी बाकी: अर्धा वेळ माहितीची छाननी, अर्धा वेळ अनुदानाचे हिशेब. पगार आधीपेक्षा कमी. आईचा विरोध मावळलेला नाही आणि आईचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मलाही वाटत नाही, कारण अनुदान संपलं की अशा जागाही संपतात. म्हणून सही करण्याआधी अनुदान कधीपर्यंत आहे ते लेखी विचारायला आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला मी सांगितलंय. अनुदानाबद्दल विचारणारं पत्र तिनं कालच पाठवलं.