केपटाऊनला ट्यूटर म्हणून येताय, तर...

तुम्ही विचारलंय की पीएचडी संपली की वर्षभर एम्सला ट्यूटर म्हणून यायचंय, आफ्रिकेतल्या मुलांसाठी अभ्यासगट उभा करायचाय, तर तिकडून काय तयारी करून यावं. (हे एम्स गणिताचं, म्हणजे आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस. दिल्लीचं हॉस्पिटल नव्हे. माझी आई सहा महिने सगळ्यांना सांगत होती की पोरगा डॉक्टरांना शिकवतो.) मी तिथे दोन वर्षं ट्यूटर होतो, आता केपटाऊनमध्येच नोकरी करतो.

पहिलं म्हणजे, गट उभा करायच्या तयारीने येऊ नका. भौतिकशास्त्रज्ञ नील टुरॉक यांनी २००३ मध्ये ही संस्था काढली ती केपटाऊनच्या म्युझेनबर्ग भागात समुद्राजवळच्या एका जुन्या हॉटेलात. मुलं, ट्यूटर, तीन आठवड्यांसाठी शिकवायला येणारे प्राध्यापक, सगळे तिथेच राहतात, एकाच हॉलमध्ये जेवतात. गट तिथे असतोच. आपण ताट घेऊन खोलीत गेलो नाही म्हणजे झालं.

मी आल्या आल्या उत्साहाने रविवारी सकाळी शंकानिरसनाचा तास ठेवला. एकही जण आला नाही. सगळे चर्चला! कोणाला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट भाषेची. मादागास्करची एक मुलगी पहिला महिना वर्गात तोंड उघडत नव्हती. मला वाटलं, पाया कच्चा आहे. एकदा रात्री अकराला कॉम्प्युटर लॅबमध्ये डोकावलो, तर ती फळ्यासमोर उभी राहून कॅमेरूनच्या दोघांना फ्रेंचमध्ये आयगेनव्हॅल्यू समजावत होती, आणि माझ्यापेक्षा बरं समजावत होती. कच्चं होतं ते तिचं इंग्रजी, आणि माझं इंग्रजी सुसाट. तेव्हापासून गणित दिलं की पाच मिनिटं शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोला, मग हात वर करा, असं सुरू केलं. ही मुलं मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेल्यांसारखीच असतात, हे मला तरी आधी कळायला हवं होतं.

मुलांचं खरं घोडं अडतं इथला वर्षभराचा अभ्यासक्रम संपल्यावर. पेपर स्वीकारला जातो, परिषदेला जायला व्हिसा मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचा एका वकिलातीने दोनदा नाकारला, कारण एका ओळीचं. म्हणून इथल्या संशोधकांनी आपल्याच मातीत मांडव घातले. डीप लर्निंग इंदाबा ही कृत्रिम बुद्धिमत्तेवरची बैठक २०१७ ला जोहान्सबर्गमध्ये सुरू झाली (इंदाबा म्हणजे झुलूत बैठक), नंतर तिच्या छोट्या बैठका देशोदेशी भरू लागल्या. संगणकाला आफ्रिकी भाषा कळाव्यात म्हणून काम करणारा मासाखाने हा गटही असाच. आयसीएलआर ही मशीन लर्निंगची मोठी परिषद २०२० ला इथिओपियात अदिस अबाबाला व्हायची होती, ती कोविडमुळे ऑनलाइन झाली, पण २०२३ ला रवांडात किगालीला भरली. मुलांना अशा ठिकाणी पाठवा, आणि जमलं तर स्वतः मागच्या रांगेत बसा. सूत्रसंचालन आपल्याकडे घ्यायची हौस आपल्या लोकांना फार.

बाकी डाळ-मसाल्यांची काळजी नको, केपटाऊनच्या रायलंड्स भागात सगळं मिळतं. शहरात रत्नागिरीकडून पिढ्यांपूर्वी आलेली कोकणी मुसलमान घरंही आहेत. जॅकेट मात्र वारा अडवणारं आणा.

आणि डिसेंबरात घरी यायचं तिकीट एवढ्यात काढू नका. बाहेरच्या पीएचडीचे बरेचसे अर्ज तेव्हाच भरायचे असतात. दहा-बारा मुलं शिफारसपत्रं मागतील, आणि प्रत्येकाचं वेगळं लिहावं लागतं.