घरात एलईडी लावावेत की जुने पिवळे बल्बच बरे? एलईडीचा पांढरा उजेड दवाखान्यासारखा वाटतो.

एलईडीच लावा. हिशोब सोपा आहे: ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट, तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही. जुना बल्ब बहुतेक विजेची उष्णताच करतो, आणि ठाण्याच्या मे महिन्यात ती कोणाला हवीय?

'पांढरा उजेड दवाखान्यासारखा वाटतो' ही तुमची तक्रार मात्र खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' किंवा २७०० ते ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असं बघून घ्यायचं. आमच्या वर्तकनगरच्या घरात हॉलमध्ये तेच आहेत. आईला फरक कळलाही नाही.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. बाथरूमच्या घट्ट बंद काचेच्या गोळ्यात एलईडी लावला, सहा महिन्यांत गेला. आतलं सर्किट गरम होतं, हवा लागते त्याला. जुना डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) असेल तर 'डिमेबल' लिहिलेलाच घ्या, नाहीतर लुकलुकत बसेल.

सीएफएल (वळणदार नळीचा दिवा) आता नकोच, फुटला तर आतला पारा बाहेर येतो. ओव्हनमधला दिवा तेवढा जुन्याच प्रकारचा राहू द्या, तिथल्या उष्णतेत एलईडी टिकणार नाही.