लेगोची माणसं : बाहुली, ठकी की चित्र?

प्रश्न दोन आहेत. लेगोच्या ठोकळ्यांसोबत येणाऱ्या, लोक हौसेने जमवतात त्या छोट्या माणसांना, म्हणजे इंग्रजीतल्या ‘मिनिफिगर’ना, मराठीत काय म्हणावं? आणि १९७५च्या बिनचेहऱ्याच्या माणसालाही ‘मिनिफिगर’च म्हणायचं का?

आधी दुसरा. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला १९५८ मध्ये. हात हलवणारं कुटुंब आलं थेट १९७४ साली : आजी, आई, बाबा, मुलगा, मुलगी. चेहरे रंगवलेले, पण धड साध्या ठोकळ्यांचं, म्हणून ही मंडळी चांगलीच थोराड. लेगोच्या छोट्या घरांत ती मावायची कशी? पुढच्या वर्षी अंगकाठी आटोपशीर झाली, पण हात धडाला चिकटलेले, पाय जोडलेले आणि तोंडावर नाक ना डोळा. याला मी बेलाशक ‘ठकी’ म्हणेन. आपली लाकडी ठकीही अशीच एकसंध. फक्त तिला निदान रंगवलेले डोळे असतात!

मिनिफिगर खरी १९७८ची, लेगोचे डिझायनर येन्स न्यूगॉर्ड क्नुडसेन यांच्या हातची. हात खांद्यात फिरतो, पाय कमरेत वाकतो, पंजा आकड्यासारखा, म्हणजे तलवार, भाला काहीही धरतो. पायाखालची भोकं ठोकळ्यावरच्या गुंड्यांवर घट्ट बसतात. चेहरा पिवळा, दोन ठिपके नि एक हसू. शहरातला पोलीस, किल्ल्यातला सरदार, अंतराळवीर, सगळे तसेच हसरे. डोळ्यावर पट्टी, दाढीमिशा हे नखरे १९८९च्या चाच्यांपासूनचे. खास जमवण्यासाठी बंद पाकिटातून १६ जणांची पहिली मालिका निघाली २०१० मध्ये.

आता पहिला प्रश्न. ‘बाहुली’ म्हटलं की न्हाऊमाखू घालणं, लग्न लावणं आलं. ‘पुतळा’ फार भारदस्त. मला जवळचा वाटतो तो ‘चित्र’. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मावळ्यांना, गवळणींना आपण ‘चित्रं’च म्हणतो ना? आधी किल्ला, मग त्यावरची माणसं, हा क्रमही लेगोशी जुळतो. अडचण एवढीच, की किल्ल्याच्या संदर्भाबाहेर ‘मी चित्रं जमवतो’ म्हटलं तर ऐकणारा भिंतीकडे बघेल. तेव्हा एरवी ‘लेगोची माणसं’ म्हणा.

‘मिनिफिगर’ वापरायचाच तर स्त्रीलिंगी ठेवा, ‘फिगर’ मराठीत रुळलाय तसाच : ‘पोलिसाची जुनी मिनिफिगर मिळाली’.